अंजूच्या मापाची खुर्ची

मित्रांनो, आत्मवृत्त सांगायला बसणाऱ्या वस्तू सहसा झिजलेल्या असतात. फाटक्या छत्रीला पावसाळे आठवतात, मोडक्या सायकलीला रस्ते आठवतात, आणि सगळ्या मिळून तुमच्या परीक्षेत दहा गुणांना येतात. मी त्यांच्यातली नाही. मी एक जुनी खुर्ची आहे आणि माझ्यावर आजपर्यंत कोणीही बसलेलं नाही. तेव्हा सेवेच्या आठवणी माझ्याकडे नाहीत. जे आहे ते सांगते.

मी जन्मले मुंबईत, एका कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये. कॉलेज ऑक्युपेशनल थेरपीचं. मराठीत याला व्यवसायोपचार म्हणतात, आणि मराठीत सांगितल्यावर समोरच्याला आणखी कमी कळतं. ज्यांचं अंग आजारानं, अपघातानं किंवा जन्मापासूनच ऐकत नाही, त्यांना घास तोंडात घालणं, बटण लावणं, पेन्सिल धरणं अशी रोजची कामं जमावीत, यासाठीचं हे शिक्षण. सकाळी मेंदूच्या शिरा पाठ करायच्या आणि दुपारी करवत चालवायची, असं दुसरं कुठलं कॉलेज मला तरी माहीत नाही. अर्थात मला कॉलेजं एकंदरीत एकच माहीत आहे.

मला घडवलं मितालीनं. मुरबाडच्या बाजूच्या एका गावातली ही मुलगी पदवी पुरी करून मास्टर्सच्या शेवटच्या वर्षाला आली होती. साल दोन हजार दोन. घरी भातशेती. तिचे वडील सावळाराम गावात सांगायचे, "पोरगी डॉक्टर झाली, पण सुई देत नाय."

"मंग काय देते?"

"खेळ देते."

यावर ऐकणारा सावळारामच्या खांद्यावर हात ठेवायचा. हे मिताली मला पॉलिश पेपर घासता घासता मैत्रिणीला सांगायची आणि दोघी हसायच्या. तिची आई कमळ मात्र ठामपणे सांगायची की पोरगी हाडांची डॉक्टर आहे. त्यात लोकांना निदान खांद्यावर हात ठेवावा लागत नसे.

मी चारचौघींसारखी खुर्ची नाही. माझी पाठ सपाट नाही, घराच्या कोपऱ्यासारखी आहे. दोन फळ्या काटकोनात जोडलेल्या. त्या कोपऱ्यात पाठ टेकली की बसणाऱ्याचे खांदे पुढे येतात आणि हात समोर राहतात. बैठकीच्या मधोमध गादी गुंडाळलेला एक खुंटा आहे, पाय कात्रीसारखे एकमेकांवर चढू नयेत म्हणून. छातीला पट्टा. पुढे वाटी ठेवायला एक फळी. मितालीचा करवतीचा हात तिच्या बुद्धीइतका चांगला नव्हता, त्यामुळे माझी एक कड जरा वाकडी आहे. पण मापात मी चोख. टाच ते गुडघा, गुडघा ते कंबर, कंबर ते काख, सगळं अंजूचं.

अंजू शेणव्याच्या पुढच्या एका पाड्यावरची. पाच वर्षांची होती. बाप वाळू, आई जना. जन्मल्यावर रडायला तिनं वेळ घेतला आणि तेवढ्या वेळात मेंदूला जो मार बसायचा तो बसला. बुद्धी लख्ख. माणूस ओळखायची, आवाज ओळखायची, कोणी पडलं की आधी ही हसायची. पण अंग काठीसारखं ताठ. नुसती हाक मारली तरी आनंदानं पाठीची कमान व्हायची आणि मान मागे जायची.

शहापूरला तपासणीचं शिबिर होतं, तिथे मितालीनं तिला पाहिलं. जना तिला मांडीवर आडवी घेऊन पेज पाजत होती. मान मागे, डोळे छताकडे, आणि वरून चमच्यानं धार. अंजू ठसकली. जनानं पाठीवर थोपटलं आणि पुन्हा चमचा भरला.

"अशी नेहमी ठसकते?" मितालीनं विचारलं.

"रोजचंच हाय. अर्दं पोटात, अर्दं छातीत."

जना ते सहज बोलली होती, पण शब्दशः खरं बोलली होती. मान मागे असताना पाजलं की घास अन्ननळीऐवजी श्वासनळीत उतरतो. फुफ्फुसात पेज साचत जाते, मग ताप, मग खोकला. अशी मुलं त्यांच्या दुखण्यानं सहसा जात नाहीत, जेवणानं जातात. मितालीनं जनाला दाखवलं. भिंतीला टेकून बसा, हिला दोन पायांच्या मध्ये बसवा, डाव्या हातानं मान पुढे धरा, उजव्या हातानं भरवा.

जनानं करून पाहिलं. एकदाही ठसका लागला नाही. "बरं हाय," ती म्हणाली. "पन मंग मी दुसरं काय करायचं?"

आईला हात दोनच असतात. ते दोन्ही लेकराला लावले तर चूल, पाणी, भात, लाकूडफाटा यांना कोणी हात लावायचा? त्या प्रश्नाचं उत्तर म्हणजे मी. अशा बारा मुलांची मापं मितालीनं मुरबाड आणि शहापूर या दोन्ही तालुक्यांतून गोळा केली आणि प्रबंधाचा विषय ठरला. कोपऱ्याच्या खुर्चीत बसवल्यानं मुलांच्या जेवणात काय फरक पडतो?

दसऱ्याच्या आधी आम्ही बारा बहिणी वर्कशॉपमध्ये ओळीनं उभ्या होतो, पॉलिशचा वास येत होता, आणि तिथे मोठ्या मॅडम आल्या. या मितालीच्या गाईड. त्यांनी एकेकीला हलवून पाहिलं, माझ्या वाकड्या कडेवरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "आता चिठ्ठ्या कर."

"कसल्या?"

"सहा मुलांना खुर्ची, सहांना नाही. चार महिन्यांनी दोन्ही गट ताडून बघायचे. मग या सहांनाही देऊन टाक."

"मॅडम, सगळ्या तयारच आहेत. बाराही देऊन टाकल्या तर?"

"दे की. फक्त मग त्याला प्रबंध म्हणता येणार नाही, दानधर्म म्हणावं लागेल. मुलं सुधारली ती खुर्चीनं की वाढत्या वयानं, हे कोण सांगणार? तू?"

"पण सहा जणांना चार महिने काहीच नाही..."

"पाच वर्षं काहीच नव्हतं, मिताली. चार महिन्यांनी काय होणार आहे? आणि सिद्ध झालं, तर आपल्याला सरकारकडे जाता येईल. बारा कशाला, बारा हजार खुर्च्या करता येतील."

मोठ्या मॅडम वाईट नव्हत्या. हे आत्ताच सांगून ठेवते, कारण पुढे तुम्हाला तसं वाटेल. त्यांनी उभा जन्म अशा मुलांमध्ये काढला होता. त्यांचं बोलणं खोटंही नव्हतं. पुराव्याशिवाय एक पैसा सुटत नाही, आणि तुलना केल्याशिवाय पुरावा होत नाही. जाता जाता त्या एवढंच म्हणाल्या, "आणि खुर्च्या तयार आहेत हे दुसऱ्या गटाच्या आयांना सांगू नकोस. मागत बसतील."

टेम्पोनं आम्हाला शेणव्याला आणलं. तिथे अंगणवाडीच्या सेविका गीताबाई यांनी आपल्या घराची पडवीची खोली मितालीला वापरायला दिली होती. आम्हा बारा जणींना आत ठेवून मितालीनं कुलूप लावलं. मग अंगणात आयांना बोलावून चिठ्ठ्या काढल्या. मला दाराच्या फटीतून थोडं दिसत होतं आणि सगळं ऐकू येत होतं. गीताबाईंनी टोपात हात घालून सहा चिठ्ठ्या काढल्या. पहिलंच नाव निघालं भगीरथचं. मुरबाडकडचा सहा वर्षांचा मुलगा. त्याच्या आईनं पदर तोंडाला लावला. सहावी चिठ्ठी निघाली आणि टोप बाजूला ठेवला गेला.

"आमची नाय निघाली?" हा जनाचा आवाज.

"नाही. तुम्ही दुसऱ्या गटात. तुम्हाला चार महिन्यांनी मिळेल. नक्की मिळेल."

"म्हंजे भिशीसारखं," जना बाकीच्या बायांना म्हणाली. "पयली उचल त्यांची, मंग आमची. ज्याचं नाव टोपात त्याला मिळतंच. बुडत नाय."

बाया हसल्या. मितालीही हसली, कारण तिला समजावून सांगण्याचे कष्ट वाचले होते. शास्त्रीय संशोधनाच्या पुस्तकात दोन प्रकरणं खर्ची घालून जे सांगितलेलं असतं, ते या बाईनं भिशीत बसवून टाकलं होतं. फरक एवढाच होता की भिशीत आधी उचलणाऱ्याला आणि मागून उचलणाऱ्याला सारखंच मिळतं.

"आनि बनवायला बी टाइम लागनार ना," जना म्हणाली. "सुतारकाम हाय."

मितालीनं तो समज दुरुस्त केला नाही. माझ्या आणि जनाच्या मध्ये एक दार होतं. मला बोलता येत असतं, तर मी तेवढ्यापुरती बोलले असते.

सहा बहिणी गेल्या, सहा आम्ही राहिलो. खोलीत उजेड कौलाच्या एका काचेतून यायचा. गीताबाई अधूनमधून कोणाशी तरी बोलताना बातम्या कळायच्या. भगीरथनं माझ्या बहिणीत बसून आपल्या हातानं भाकरीचा तुकडा तोंडात घातला. पहिल्यांदा. त्याच्या आजीनं खुर्चीला हळदकुंकू लावलं आणि मितालीनं पुढच्या भेटीत ते पुसायला सांगितलं, मुलानं चाटू नये म्हणून. आजीनं पुसलं आणि ती गेल्यावर पुन्हा लावलं. मी खूश होते. आपला प्रकार चालतो आहे, एवढंच खुर्चीला कळायचं असतं. आता आपली पाळी.

दिवाळी झाली. पाड्यावरची माणसं ट्रकमध्ये बसून वीटभट्ट्यांवर गेली, तशी दरवर्षी जातात. जना, वाळू आणि अंजू भिवंडीच्या बाजूला एका भट्टीवर गेले. मुंबईतल्या प्रबंधाच्या आराखड्यात वीटभट्टी नव्हती. त्यात 'घरचं वातावरण' असा शब्द होता.

मार्गशीर्षात एकदा मिताली जीप घेऊन आली. भट्टीवर जाऊन अंजूची मधली तपासणी करायची होती. ती खोली उघडून आत आली, आम्हा सहा जणींकडे एकेक करून बघत गेली. मग माझ्याकडे आली. तिनं माझ्या दोन्ही बाजू धरून मला उचललं.

मित्रांनो, माझ्या आयुष्यातला हा सगळ्यात मोठा प्रवास. खोलीच्या कोपऱ्यापासून उंबऱ्यापर्यंत.

गीताबाई अंगणात भात पाखडत होत्या. "नेताय का?"

"एकच," मिताली म्हणाली. "अंजूची."

"एकच कशाला? नेताय तर सगळ्याच न्या ना. भात आत टाकायचं हाय, जागा नाय मला. उंदीर लागतील."

मिताली उंबऱ्यावर थांबली. मी तिच्या पोटाशी होते. तिचा श्वास मला लागत होता.

"तिच्याच खुर्चीची घाई हाय व्हय? बाकी पाच जनी काय म्हनतील?" गीताबाईंनी सूप खाली ठेवलं. "त्या पाचांतल्या शाईची आई परवाच विचारत व्हती, आमचं कवा म्हनून. आता तुमी जनाची नेली का, ती माज्या दारात येऊन बसंल."

"तेच तर," मिताली म्हणाली. "एकीला दिली की सगळ्यांना द्यावी लागेल. सगळ्यांना दिली की..." तिनं पुढचं सांगितलं नाही. गीताबाईंना त्यात काही अर्थ नव्हता. सगळ्यांना दिली की दुसरा गट उरत नाही, दुसरा गट नाही तर तुलना नाही, तुलना नाही तर मास्टर्स नाही. गावात तर सगळे धरूनच चालले होते की ती मागेच डॉक्टर झाली आहे.

"मग काय करताय?"

"काही नाही. आत ठेवते. नुसतं बघायला आले होते, नीट आहेत ना."

तिनं मला परत कोपऱ्यात ठेवलं. अगदी सरळ ठेवलं, भिंतीला घासू नये म्हणून मधे गोणपाट घातलं. माझी काळजी घेण्यात ती कधीच कमी पडली नाही.

भट्टीवर काय झालं ते मला पुढे जनाच्या बोलण्यातून कळलं. मितालीला बघून अंजू एवढी ताठ झाली की गोणीवरून घसरली, आणि सगळे हसले. जना म्हणाली, ताई, तुमी दाखवलेलं करते मी, संध्याकाळी करते, भिताडाला टेकून. पण दुपारी नाय होत. दुपारी चिखल तयार असतो, विटांचे साचे थांबत नाहीत, वाळू एकटा पुरा पडत नाही. दुपारी आडवी घेते आणि पटकन पाजते. मितालीनं पुन्हा एकदा मान कशी धरायची ते दाखवलं. दंडाचं माप घेतलं, वजन घेतलं, एका जेवणाला किती वेळा ठसका लागतो ते मोजलं. जनानं विचारलं, "झालं का सुतारकाम?" मिताली म्हणाली, "होईल. आता थोडेच दिवस." आणि जीप वळली.

पौषात अंजूला ताप आला. खोकला तर होताच. भट्टीवर सुई देणारा एक माणूस होता, त्यानं सुई दिली. मग रिक्षानं मोठ्या दवाखान्यात नेलं, तिथे नाकाला नळी लावली. निमोनिया, असं सांगितलं. वाळू साच्यावर परत गेला, कारण भट्टीमालकाकडून उचल घेतलेली होती. जना बसून राहिली. अंजू तिच्या मांडीवर गेली. भिंतीला टेकून बसवलेली होती, दोन पायांच्या मध्ये, मान पुढे.

महाशिवरात्रीच्या सुमाराला चार महिने भरले. गीताबाईंनी निरोप धाडले आणि दुसऱ्या गटाच्या आया मुलांना कडेवर घेऊन आल्या. अंगणात गलका झाला. कुलूप निघालं. एकेक बहीण उचलली गेली, ज्याची त्याला बसली, कोणाचा पट्टा सैल करावा लागला. मुलं चार महिन्यांत वाढली होती, तरी बसली. पाच गेल्या. मी राहिले.

जना भट्टीवरून सगळ्यात शेवटी आली. एकटी.

"अंजू?" मितालीनं विचारलं.

"अंजू नाय आता. पौषात गेली."

अंगणातल्या बायांनी आपापली लेकरं जवळ ओढली. त्यांना माहीत होतं. पाड्यापाड्यांतून बातमी केव्हाच पोचली होती, ज्यांना पोचवायची पद्धत असते त्यांना. मिताली पायरीवर बसली.

"मला कोणी कळवलं नाही."

"कुनाला कलवायचं? तुमी मुंबईला." जनानं डोकीवरचा पदर नीट केला. ती रडत नव्हती. "मी खुर्ची न्यायला आलेय, ताई. टोपात नाव व्हतं ना आमचं."

कोणीतरी बाई हळूच म्हणाली, "जने, आता काय करशील गो नेऊन?"

"ते माझं मी बगन. नाव व्हतं."

मिताली उठली. तिनं दार पूर्ण उघडलं आणि जना आत आली. आम्ही दोघी पहिल्यांदा समोरासमोर आलो. तिनं माझ्याकडे पाहिलं, खुंट्याकडे पाहिलं, हात टेकून बैठकीची उंची पाहिली. अंजूची टाच कुठे आली असती ते तिला बरोबर कळलं. मग तिनं फळीवर बोट फिरवलं. बोटाला धूळ लागली. जाड, गव्हाच्या पिठासारखी, भाताचं तूस मिसळलेली. एका कोपऱ्यात कोळ्यानं जाळं केलं होतं, आणि ते जाळंही जुनं होतं.

जनानं ते बोट उजेडाकडे धरलं.

"ही आताची नाय," ती म्हणाली.

मितालीची नजर जाळ्यावर गेली.

"ही तवाच झाली व्हती. चिठ्ठ्या काढल्या तवा."

"हो."

"हितंच व्हती."

"हो, जनाबाई."

"मला वाटलं, बनायची हाय."

एवढंच ती बोलली. शिव्या दिल्या नाहीत, छाती बडवली नाही. तिनं तसं केलं असतं तर बरं झालं असतं, असं मितालीचा चेहरा सांगत होता. जनानं पदराचं टोक घेतलं आणि मला पुसायला लागली. पाठीच्या दोन्ही फळ्या, खुंटा, पट्टा, खालचे पाय. अंघोळ घालताना पुसतात तशी. मग मला डोक्यावर घेतलं आणि चालायला लागली.

मित्रांनो, इथे गोष्ट संपायला हवी होती. पण शिक्षण असं मधेच सोडता येत नाही.

पावसाळ्याआधी मिताली पाड्यावर आली. तोंडी परीक्षेला नमुन्याची खुर्ची दाखवायची असते. बाकी अकरा जणींना मुलांनी वापरून वापरून पार खिळखिळं केलं होतं, पेज सांडली होती, गाद्या फाटल्या होत्या. चांगल्या स्थितीत मी एकटी उरले होते. हे सांगताना तिला वाक्य पुरं करता येईना. जनाच म्हणाली, "न्या. पन परत आना."

परीक्षेच्या खोलीत पंखा होता, काचेखाली हिरवं कापड घातलेलं टेबल होतं, आणि बाहेरगावचे दोन परीक्षक होते. मोठ्या मॅडम एका बाजूला. प्रबंध काळ्या रेक्झिनमध्ये बांधलेला, वर सोनेरी अक्षरं. त्याचं रेक्झिन माझ्या गादीपेक्षा चांगलं होतं.

एका परीक्षकांनी मला गोल फिरवून पाहिलं. "सुंदर. एक ओरखडा नाही. सामान टिकाऊ दिसतंय."

दुसऱ्यांनी पानं चाळली. "दुसऱ्या गटात सुरुवातीला सहा, शेवटी पाच. एक गळालं?"

"हो, सर."

"स्थलांतर?"

मिताली म्हणाली, "नाही. मृत्यू."

"अरेरे. खुर्चीशी काही संबंध?"

"खुर्ची दिली नव्हती, सर."

"मग ठीक आहे," परीक्षक म्हणाले. ते दुष्टपणे नव्हते बोलले. त्यांना शंका होती ती फिटली होती. "म्हणजे आपल्या निष्कर्षाला बाध येत नाही. उलट, एका परीनं तुमचं म्हणणं अधिकच..." आणि मग त्यांना स्वतःचं वाक्य ऐकू आलं. ते थांबले आणि त्यांनी चष्मा काढून पुसला.

मोठ्या मॅडम खिडकीबाहेर बघत होत्या. त्या तशाच बघत राहिल्या.

"मूल किती वर्षांचं होतं?" पहिल्या परीक्षकांनी विचारलं.

"तिचं नाव अंजू होतं," मिताली म्हणाली. विचारलं ते नव्हतं, पण उत्तर म्हणून ते कोणीतरी लिहून घेतलं.

ती पास झाली. चांगली पास झाली. खुर्चीनं फरक पडतो, हे सिद्ध झालं. प्रबंध कॉलेजच्या ग्रंथालयात कपाटात गेला आणि कपाटाला काच आहे, त्यामुळे तो अजूनही बाहेरून दिसतो. बारा हजार खुर्च्या झाल्याचं माझ्या कानावर आलेलं नाही. एखादे वेळी झाल्याही असतील. मी एका पाड्यावर असते, मला सगळंच कळतं असं नाही.

मिताली मला शब्द दिल्याप्रमाणे परत घेऊन आली. शहापूरहून एसटीच्या टपावर आणि पुढे हातात धरून. जना दारात लाकडं फोडत होती.

"पास झालात?"

"झाले."

"बरं झालं." जनानं कुऱ्हाड टेकवली. "बसा, चा ठेवते."

आतून वाळूचा आवाज आला, "आनली का? तिचं लाकूड बरं हाय. पाट व्हईल एक."

"हात लावून बग," जना म्हणाली. वाळूनं लावला नाही. आजपर्यंत लावलेला नाही.

चहा झाला. मिताली उठताना म्हणाली, "जनाबाई, मी तेव्हा उचलली होती हिला. दारापर्यंत आणली होती."

जनानं कपबशी उचलली. "दारापावतर," ती म्हणाली, आणि आत गेली.

त्यानंतर मितालीला मी पाहिलं नाही. ती आता एका कॉलेजात शिकवते असं गीताबाई सांगत होत्या. तिच्या हाताखाली मुलं-मुली प्रबंध लिहितात, त्यांच्याही चिठ्ठ्या निघतात, कारण तुलना केल्याशिवाय पुरावा होत नाही हे आजही खरं आहे. फक्त ज्यांचा नंबर मागे पडला आहे त्यांच्या घरी ती म्हणे स्वतः जाते आणि जेवण होईपर्यंत थांबते. कोणी विचारलं तर कारण सांगत नाही.

मी जनाच्या घरात मागच्या भिंतीला आहे. चुलीच्या धुरानं काळी पडले आहे. गादीचा फोम उंदरांनी नेला. जना लिंपण करते तेव्हा मला उचलून बाहेर ठेवते, आणि वाळल्यावर परत त्याच जागी आणते. तिच्याकडे अंजूचा फोटो नाही. काढलाच नव्हता, कोण काढणार? अंजू केवढी होती, हे दाखवायला तिच्याकडे मी आहे. कोणी पाहुणी आली आणि विषय निघाला की ती माझ्या बैठकीवर हात ठेवते, मग तोच हात पाठीच्या वरच्या कडेपर्यंत नेते आणि म्हणते, "एवडी व्हती." पाहुणी मान हलवते. मी स्थिर उभी राहते. तेवढं एक काम मला मिळालं आहे आणि ते मी नीट करते.

तर मित्रांनो, आत्मवृत्ताच्या शेवटी वस्तूनं काहीतरी मागायचं असतं. मला तेल-पॉलिश नको, अडगळीतून काढा असंही म्हणणं नाही. तुमच्यातलं कोणी पुढे मोठ्या कॉलेजात जाईल, पदवीवर पदवी घेईल, आणि एखाद्या दिवशी गुडघे टेकून कुठल्याशा लेकराचं माप घेईल, टाच ते गुडघा, गुडघा ते कंबर. जरूर घ्या. अभ्यास करा, मोजा, ताडून बघा, सोनेरी अक्षरांत छापा. पण वस्तू तयार झाली असेल तर तिला कुलपात ठेवू नका. मी लाकडाची आहे, मला वाट बघता येते. लेकरांना तेवढा वेळ नसतो.